एकाच ब्राउझरच्या दोन आवृत्त्या: डीफॉल्ट कोणती?

ई-मेलमधल्या लिंकवर क्लिक केले की ब्राउझर उघडतो. असा आपोआप उघडणारा ब्राउझर म्हणजे डीफॉल्ट. संगणकावर फायरफॉक्सची नेहमीची आवृत्ती आणि चाचणीची नाइटली अशा दोन्ही असतील, तर लिंक कोणत्या आवृत्तीत उघडावी हे आज ठरवता येते. ही सोय व्हायला बरीच वर्षे लागली, कारण ऑपरेटिंग सिस्टीमच्या हिशेबात आवृत्तीला जागाच नव्हती. सिस्टीमला ठाऊक असे ते फक्त प्रोग्रॅमचे नाव.

विंडोजमध्ये ही नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्ज साठवण्याच्या तिच्या वहीत राहते. वेबचा पत्ता आला की कोणती एक्झी फाइल (प्रोग्रॅम सुरू करणारी फाइल) चालवायची, तिचा पूर्ण पाथ, म्हणजे ती कुठल्या फोल्डरात आहे हे, तिथे लिहिलेले असते. फायरफॉक्स दोन वेगळ्या फोल्डरांत टाकता येई, पण पूर्वी दोन्ही प्रती एकाच नावाखाली नोंद करत. जी प्रत सर्वांत शेवटी डीफॉल्ट झाली, तिचा पाथ राही आणि आधीचा पुसला जाई. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या जुन्या ब्राउझरबाबत तर तेवढीही मुभा नव्हती. तो विंडोजमध्येच मुरलेला असल्याने नवी आवृत्ती जुनीच्या जागेवरच बसे. 2006 मध्ये सातवी आवृत्ती आली, तेव्हा वेबसाइट बनवणाऱ्यांना आपले काम सहावीतही तपासायचे होते. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने सहावी आवृत्ती असलेले व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारा आभासी संगणक) मोफत दिले. जुना ब्राउझर हवा म्हणून अख्खे दुसरे विंडोज चालवायचे, असा तो मार्ग होता.

प्रश्नाला खरी धार आली ती ब्राउझर भराभर बदलू लागल्यावर. क्रोमने स्टेबल (पक्की), बीटा (चाचणीची), डेव्ह (त्याहून कच्ची) असे आवृत्तीचे टप्पे पाडले आणि 2010 मध्ये सर्वांत कच्ची कॅनरी आणली. ती स्टेबलच्या शेजारी सुखाने नांदे, पण सुरुवातीला विंडोजवर तिला डीफॉल्ट करता येत नसे. कच्ची आवृत्ती कुणाच्या रोजच्या कामात येऊ नये, हा हेतू समजण्यासारखा होता. तरी तीच आवृत्ती दिवसभर वापरून दोष शोधणाऱ्यांच्या हातातून त्यामुळे एक निवड गेलीच. फायरफॉक्सनेही 2011 मध्ये दर काही आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायला सुरुवात केली. एवढ्या वेगाने ज्या संस्थांची अडचण होत होती, त्यांच्यासाठी 2012 मध्ये दीर्घकाळ टिकणारी ईएसआर ही आवृत्ती आली.

नोंद बदलून भागत नव्हते, हा या इतिहासातला सर्वांत त्रासदायक भाग. फायरफॉक्स सुरू होताना आधी पाही की दुसरा फायरफॉक्स चालू आहे का. असला तर पत्ता त्याच्या हाती देऊन स्वतः बाजूला होई. त्यामुळे डीफॉल्ट नाइटली असली तरी नेहमीची आवृत्ती उघडी असेल, तर लिंक तिच्यातच जाई. यावर जाणकार शॉर्टकटमध्ये 'नो-रिमोट' हा पर्याय जोडून वेगळे प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्ज यांचा संच) देत. मग ती प्रत बाहेरून आलेला पत्ता स्वीकारत नसे. त्याच प्रोफाइलवर लिंक उघडू पाहिली, तर फायरफॉक्स आधीच चालू आहे पण प्रतिसाद देत नाही, अशी सूचना झळके. वेबसाइट बनवणाऱ्यांसाठीच्या 2014 च्या डेव्हलपर एडिशन या फायरफॉक्सला सुरुवातीपासून स्वतःचे प्रोफाइल मिळाले. 2017 मध्ये 57 व्या आवृत्तीने जुन्या धाटणीची ॲड-ऑन (ब्राउझरला जोडायच्या छोट्या सोयी) बंद केली, तेव्हा ती सोडवत नसलेल्या अनेकांना जुनी आवृत्तीही सोबत ठेवावीशी वाटली. अखेर मे 2019 मध्ये 67 व्या आवृत्तीने प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतंत्र प्रोफाइल दिले. नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुनीत उघडण्यापासूनही तिने रोखले. माझ्या मते या विषयातली सर्वांत मोलाची सुधारणा हीच, कारण तिच्यामुळे बुकमार्क आणि पासवर्ड धोक्यात न घालता आवृत्ती निवडता येऊ लागली. विंडोजच्या नोंदीतही आता फायरफॉक्सच्या नावापुढे इन्स्टॉलेशनच्या पाथवरून काढलेला संकेतांक लागतो, त्यामुळे दोन प्रती एकमेकींची नोंद पुसत नाहीत.

मॅकवर हेच काम बंडल आयडेंटिफायर, म्हणजे प्रत्येक ॲपचे ओळखनाव, करतो. नाइटलीचा वेगळा असल्याने ती यादीत स्वतंत्र दिसते. लिनक्सवर प्रत्येक आवृत्तीची डेस्कटॉप फाइल (ॲपचे नाव आणि ते सुरू करण्याची आज्ञा असलेली फाइल) वेगळी ठेवली की झाले.

इकडे विंडोजने दार घट्ट करत नेले. कुठलाही प्रोग्रॅम गुपचूप डीफॉल्ट होऊन बसू नये म्हणून विंडोज 8 पासून वापरकर्त्याच्या निवडीसोबत एक हॅश, म्हणजे ती निवड खरी असल्याची खूण, साठवला जातो. तो जुळला नाही तर रजिस्ट्रीत हाताने केलेला बदल मानलाच जात नाही. 2015 च्या विंडोज 10 ने ही निवड सेटिंग्जमध्ये जाऊनच करायला लावली, त्यावर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे तेव्हाचे प्रमुख ख्रिस बियर्ड यांनी उघड पत्र लिहून आक्षेप घेतला. 2021 मध्ये विंडोज 11 आले तेव्हा एचटीटीपी, एचटीटीपीएस, एचटीएमएल हे लिंक आणि फाइलींचे सगळे प्रकार एकेक करून बदलावे लागे. 2022 मध्ये एका बटणाची सोय परत आली. हे बटण दाबण्याआधी ॲपच्या यादीतून नेमकी आवृत्ती ओळखावी लागते. नाइटलीचे नाव आणि आयकॉन वेगळे असल्याने ती चटकन सापडते. ईएसआर आणि नेहमीचा फायरफॉक्स मात्र एकाच नावाने आणि एकाच आयकॉनने वावरतात. तिथे हवी ती प्रत उघडून तिच्याच सेटिंग्जमधून डीफॉल्ट करायला घेणे हा खात्रीचा मार्ग आहे.