तिसरं दूध कोणतं?

दुधात भिजवलेला स्पंज केक कोकणात सध्या तीन नावांनी मिळतो. बेकरीच्या काचेमागे तो 'मिल्क केक' असतो, वाढदिवसाच्या ऑर्डरीत 'रसमलाई केक' आणि पुण्या-मुंबईला शिकून आलेल्या मुलींच्या मेनूत 'ट्रेस लेचेस'. पहिल्या नावानं घोटाळा होतो, कारण मिठाईवाल्याकडे मिल्क केक म्हणजे उत्तरेकडची, दूध आटवून केलेली दाणेदार वडी. तिच्यात मैदाही नाही आणि अंडंही नाही. रसमलाईबद्दल कुणाचं भांडण नाही. खरी कुरबुर आहे ती स्पॅनिश नावावर. त्याचा अर्थ सरळ 'तीन दुधं', आणि त्यातलं तिसरं कोणतं यावर इथल्या स्वयंपाकघरांत दोन तट पडलेत.

मूळ हिशेब असा: डब्यातलं गोड घट्ट कंडेन्स्ड दूध, डब्यातलंच पण बिनसाखरेचं आटवलेलं इव्हॅपोरेटेड दूध आणि ताजं दूध किंवा क्रीम. कंडेन्स्ड दुधाचं पेटंट अमेरिकेत १८५६ साली दिलं गेलं. हे डबे पुढे लॅटिन अमेरिकेत पोचले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत केक तिथल्या घराघरांत गेला. डब्यांवर छापलेल्या कृतींचा त्यात मोठा हात मानतात. मेक्सिको म्हणतं आमचा, निकाराग्वा म्हणतं आमचा. ते भांडण त्यांनीच मिटवावं.

आपल्याकडे पहिला डबा वाण्याकडे मिळतो, दुसरा सहसा नाही. इव्हॅपोरेटेड दुधातलं साठेक टक्के पाणी उडवलेलं असतं. घरी तेवढं गाठायचं तर लिटरभर दूध मंद आचेवर ठेवून, तळ ढवळत, निम्म्याच्याही खाली आणावं लागतं. एरवी हे काही कठीण काम नाही. पण कोकणपट्टीत दूध मुळात कमी, पिशव्या बऱ्याचशा कोल्हापूरकडून घाट उतरून येतात, आणि पावसात दरड कोसळली की गाडी वरच अडकते. लिटरभर दूध नुसतं आटवायला काढायचं तर घरातली म्हातारी माणसं आधी भुवया उंचावतात. नारळ मात्र परसातच असतो. म्हणून आटवलेल्या दुधाच्या जागी नारळाचं दूध आलं. यामागे नावीन्याची हौस कमी होती आणि अडचण जास्त, असं मला वाटतं.

आता नावाचा गुंता. मालवणकडे नारळ वाटून पिळला की जे निघतं त्याला दूध म्हणण्याची फारशी सवयच नाही. तो 'रस'. पहिल्या पिळणीचा जाड रस, दुसरीचा पातळ रस. शिरवाळ्यांबरोबर, म्हणजे तांदळाच्या शेवयांबरोबर, रस, खापरोळीबरोबर रस. रत्नागिरीच्या वर 'नारळाचं दूध' जास्त ऐकू येतं. त्यामुळे एकाच केकाला एकीकडे तीन दुधं भरतात आणि दुसरीकडे दोन दुधं नि एक रस. सरकारी नियमांत दूध म्हणजे जनावराचंच. सोया किंवा बदामाच्या पेयाला ते नाव लावता येत नाही, पण रूढ नाव म्हणून 'नारळाचं दूध' चालतं. कागदावर नारळवाल्यांची बाजू पक्की झाली. मालवणातल्या आजीला कागदाशी काय करायचंय म्हणा.

यातूनच एक दावा निघाला, की खापरोळी हाच आपला जुना ट्रेस लेचेस. मला तो पटत नाही. खापरोळी तांदूळ, उडीद डाळ आणि मेथी वाटून, आंबवून, खापरीवर किंवा तव्यावर करतात. तिची जाळी आंबवण्यातून येते. गूळ-वेलची घातलेल्या रसात ती बुडवायची आणि लगेच खायची. केकाची जाळी फेटलेल्या अंड्यातल्या हवेची. त्यात लोणी घालत नाहीत किंवा नावापुरतं घालतात, म्हणून तो स्पंजासारखा शोषतो. काट्यानं टोचून, थंड दूध ओतून, तो रात्रभर ठेवावा लागतो. अंड्यातली प्रथिनं भाजताना घट्ट होतात, म्हणून इतकं पिऊनही तो उभा राहतो. श्रावणात दही-सोड्याचा बिनअंड्याचा केक असाच भिजवला तर सकाळी ट्रेमध्ये खीर मिळते. तिथे दूध निम्मंच ओतायचं, हाच त्यातल्या त्यात उपाय.

भाजणं मात्र कोकणाला नवीन नव्हतं. पिकलेली काकडी, तांदळाचा रवा आणि गूळ यांचं धोंडस टोपात घालून खाली-वर निखारे ठेवून होत आलंय. शेजारी गोव्यात बिबिंकाही वरच्या निखाऱ्यांवरच थरांथरांनी होते. नानखटाईचे ट्रे दिवाळीआधी गावच्या बेकरीच्या भट्टीत जायचे. मग ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, आणि त्याहून जास्त घरांत पोचला तो कुकर: तळाला वाळू किंवा मीठ, शिट्टी आणि रबर काढून ठेवलेले.

भिजवलेला केक मात्र आमच्याकडे आधी आखातातून आला, असं मी मानतो. सत्तरच्या दशकापासून दापोली, खेड, श्रीवर्धनकडची माणसं तिकडे कामाला जातात. तिथल्या बेकऱ्यांत मिळणारा केशर-वेलचीचा मिल्क केक सुट्टीवर येणाऱ्यांच्या बोलण्यातून मोहल्ल्यांत आला, आणि तिथून शेजारी. टाळेबंदीत, म्हणजे २०२०च्या मार्चनंतर, तो मोबाइलवरून सगळीकडे पसरला. लगेच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दक्षिण रायगड, मंडणगड, दापोलीत कित्येक गावांची वीज पुढे बरेच दिवस गेली. गॅसवरच्या कुकरात केक व्हायचा, पण दूध ओतून ठेवायला फ्रिज बंद. त्या पावसाळ्यात तिकडे केक कोराच खाल्ला गेला.

नारळाला फ्रिज तरी कुठे मानवतो? खोबऱ्याचं तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे जाड रस ओतलेला केक थंड केला की वर मेणासारखी साय धरते आणि टाळूला चिकटते. बाहेर ठेवावा तर कच्चा रस मे महिन्यात काही तासांत आंबतो. उकळावा तर फाटतो, गूळ असेल तर अधिकच. कॉर्नफ्लोअर लावून तो सांभाळतात, पण मग चव पिठूळ लागते. म्हणून आमच्या बाजूला ऑर्डरी घेणाऱ्या काहीजणी आता केक दोनच दुधांत भिजवून देतात, आणि ताजा काढलेला नारळाचा रस वेगळ्या बाटलीत. वाढायच्या वेळी वरून ओतायचा, खापरोळीवर ओततात तसा.