नावाने बोलावलेले फंक्शन सापडत नाही तेव्हा

प्रोग्रॅममध्ये एखादे ठरावीक काम करणाऱ्या तुकड्याला फंक्शन म्हणतात. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये लोकांसाठी खुल्या केलेल्या पीएचपी या भाषेत फंक्शन थेट चालवता येतेच, शिवाय त्याचे नाव साध्या मजकुराच्या रूपात दुसऱ्या फंक्शनकडे सोपवून ‘वेळ आली की हे चालव’ असेही सांगता येते. अशा सोपवलेल्या नावाला कॉलबॅक म्हणतात. अडचण अशी, की ‘पावती_पाठवा’ हे नाव अवतरणचिन्हांत लिहिले तेव्हा पीएचपीच्या लेखी ती केवळ अक्षरांची ओळ असते. त्या नावाचे फंक्शन खरोखर आहे का, याची तपासणी पुष्कळदा ते प्रत्यक्ष चालवण्याची वेळ येईपर्यंत होत नाही.

म्हणूनच फंक्शन सापडले नाही, तर त्याचा इशारा (वॉर्निंग) उमटतो तो भलत्याच जागी. संकेतस्थळे चालवणाऱ्या वर्डप्रेस या पीएचपी प्रणालीत प्लगइन (वरून जोडलेला पूरक प्रोग्रॅम) आपल्या फंक्शनचे नाव ‘ॲड_ॲक्शन’ या वर्डप्रेसच्या फंक्शनकडे नोंदवून ठेवते आणि पुढे पान तयार होताना वर्डप्रेसची कोअर, म्हणजे मूळ, फाइल ते फंक्शन चालवू पाहते. मध्यंतरी कोणी फंक्शनचे नाव बदलले असेल, तर ‘वैध कॉलबॅक नाही, फंक्शन सापडले नाही’ अशा अर्थाच्या इशाऱ्यात (नव्या आवृत्त्यांत त्रुटीत) फाइल आणि ओळ क्रमांक दिसतात ते कोअरचे. ते पाहून जिच्यात काहीच बिघडलेले नाही अशी ती कोअर फाइलच दुरुस्त करायला घेण्याचा मोह होतो. खरा धागा इशाऱ्यात छापलेल्या नावात असतो. ते नाव सगळ्या फाइलींत शोधून, जिथे ते सोपवले आहे ती ओळ आणि जिथे फंक्शन लिहिले आहे ती ओळ ताडून पाहावी.

शुद्धलेखनाची चूक अशा वेळी लगेच दिसते. नेमस्पेसची, म्हणजे नावांचे गट पाडण्यासाठी आडनावासारख्या जोडलेल्या नावाची, चूक दिसत नाही. फंक्शन ‘दुकान’ या नेमस्पेसमध्ये असेल, तर त्याच फाइलमध्ये थेट लिहिलेले ‘पावती_पाठवा()’ बिनतक्रार चालते, पण मजकूर म्हणून दिलेले नाव आजूबाजूच्या नेमस्पेसकडे न पाहता वाचले जाते, म्हणून तिथे ‘दुकान\पावती_पाठवा’ असे पूर्ण नाव द्यावे लागते. क्लासमधल्या (ऑब्जेक्टच्या आराखड्यातल्या) मेथडसाठी, म्हणजे क्लासच्या आत लिहिलेल्या फंक्शनसाठी, ऑब्जेक्ट (क्लासवरून बनवलेली वस्तू) आणि मेथडचे नाव यांच्या जोडीचा ॲरे (यादी) लागतो. ऑब्जेक्टऐवजी क्लासचे नाव दिले, तर मेथड स्टॅटिक, म्हणजे ऑब्जेक्ट न बनवता चालणारी, हवी. (पीएचपीत देवनागरी नावेही चालतात, मात्र ती दिसण्यावरून नव्हे, तर बाइटनुसार (संगणकात साठवलेल्या संकेतांनुसार) जुळवली जातात. ‘ऱ’ एकसंध टाइप केला की ‘र’ला नुक्ता (खालचे टिंब) जोडून, एवढ्या फरकानेही नाव हुकू शकते.)

ओळीत ‘@’ चिन्ह लावून इशारा दाबणे हा उपाय नव्हे, कारण काम झालेलेच नसते. शिवाय नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीपासून कॉलबॅक चालवणाऱ्या ‘कॉल_यूजर_फंक’ला अवैध कॉलबॅक दिला की इशाऱ्याऐवजी टाइपएरर ही गंभीर त्रुटी उद्भवते आणि ती हाताळली नाही, तर सबंध पान तिथेच थांबते. लॉगमध्ये (त्रुटींच्या नोंदवहीत) वर्षानुवर्षे दुर्लक्षित पडलेला इशारा आवृत्ती बदलताच संकेतस्थळ बंद पाडू शकतो तो यामुळेच. फंक्शन चालवता येईल का हे सांगणाऱ्या ‘इज_कॉलेबल’ची आगाऊ तपासणी फंक्शन नसणेही जिथे स्वाभाविक आहे तिथेच शोभते, एरवी तीही चूक झाकते.

माझ्या मते नव्या लेखनात ८.१ पासून मिळालेली ‘पावती_पाठवा(...)’ ही पद्धत अधिक बरी. तीन टिंबांमुळे फंक्शन न चालता त्याचा क्लोजर (नंतर चालवता येणारा फंक्शनरूपी ऑब्जेक्ट) हाती येतो, नेमस्पेसचे नेहमीचे नियम लागू होतात आणि फंक्शन अस्तित्वात नसेल, तर त्रुटी त्याच ओळीवर दिसते. मात्र वर्डप्रेसमध्ये असा नोंदवलेला क्लोजर ‘रिमूव्ह_ॲक्शन’ने नोंदीतून काढायचा, तर तोच ऑब्जेक्ट जपून ठेवावा लागतो, कारण नव्याने बनवलेला क्लोजर जुन्याशी जुळेलच असे नाही. इतर प्लगइनांना आपले फंक्शन काढण्याची मुभा द्यायची असेल, तिथे अजूनही मजकूररूपी पूर्ण नावच सोयीचे पडते.