ग्रंथप्रामाण्य आणि खाजगी आचार

धर्मग्रंथातील वचन हाच योग्य-अयोग्य ठरवण्याचा अखेरचा आधार मानणे म्हणजे ग्रंथप्रामाण्य. लग्न, संतती, खाणेपिणे अशा घरातल्या गोष्टींचा निवाडा केवळ पोथीवरून करता येतो का, यावर एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात कडाक्याचे वाद झाले. खुद्द मनुस्मृती (२.६) वेदाबरोबर स्मृती, शील, सज्जनांचा आचार आणि आत्मतुष्टी (स्वतःच्या मनाचे समाधान) यांनाही धर्माचे मूळ मानते, पोथीवाल्यांना त्यातले शेवटचे पद सहसा आठवत नसे.

विधवाविवाहाचा वाद याचा सर्वांत बोलका दाखला आहे. पराशरस्मृतीतील ‘नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ’ हा श्लोक, नवरा बेपत्ता झाला, वारला किंवा संन्यासी झाला तर स्त्रीला दुसरा पती सांगतो. बंगालमधील सुधारक ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्याचाच आधार घेतला आणि १८५६ मध्ये विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झाला. विरोधकांनी व्याकरण काढले : ‘पति’ची सप्तमी ‘पत्यौ’ होते, म्हणून येथे ‘पतौ’च्या आधी संधीत लोपलेला ‘अ’ धरून ‘अपतौ’ वाचावे, म्हणजे वाग्दान झालेला पण लग्न न लागलेला वर. केशवपन करून माजघरात बसवलेल्या मुलीचे उरलेले आयुष्य असे एका लुप्त अकारावर टांगले गेले. तिला काय वाटते, हा प्रश्न शास्त्रार्थात बसतच नव्हता. १८७० मध्ये पुण्यातील अशाच शास्त्रार्थात विधवाविवाहाचे पुरस्कर्ते विष्णुशास्त्री पंडित यांचा पक्ष हरला.

१८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा आला. ख्रिस्त्यांकडचा चहा पिणे धर्मबाह्य मानले जाई, म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी शास्त्रवचनांनीच आपली बाजू लढवली. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले.

आगरकरांना ही वाटच मान्य नव्हती. अनुकूल वचन शोधत बसण्याऐवजी रूढी बुद्धीच्या कसोटीवर घासावी, असे ते आपल्या ‘सुधारक’ या पत्रातून लिहीत. त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. ग्रंथ मानणाऱ्याने स्वतःचे आचरण त्यावर बेतावे, त्यात कोणाचे काही जात नाही. पण दुसऱ्याला दोषी ठरवायचे तर त्यालाही तपासता येईल असे कारण द्यावे लागते. शिवाय वचन कोणते घ्यायचे आणि अर्थ कोणता लावायचा, हे ठरवताना माणूस स्वतःचा विवेक वापरतोच.

आंबेडकरांनी नवा अर्थ लावण्याचा मार्गही सोडला; २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळले, तेव्हा निकालाचा आधार होता संवैधानिक नैतिकता, म्हणजे राज्यघटनेतील मूल्ये.