तोंड एकाचं मोठं, एकाचं लहान

आपल्याकडे हॉटेलात ‘सी बास’ मागवला, तर ताटात बहुधा खाडीतला जिताडा येतो. उत्तर अमेरिकेत गळ टाकणारे लोक ज्यांच्यासाठी पहाटे उठून तळं गाठतात ते दोन बास वेगळे, लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ. जिताड्याशी त्यांचा जवळचा संबंध नाही. दोघेही गोड्या पाण्यातले, सनफिश कुळातले.

ओळखायची खूण नावातच आहे. तोंड मिटलेलं असताना वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे गेलं तर लार्जमाउथ, डोळ्याखालीच थांबलं तर स्मॉलमाउथ. पहिला हिरवट, अंगावर आडवा काळपट पट्टा. दुसरा तांबूस-पितळी, अंगावर उभे पट्टे. पण रंग पाण्यानुसार बदलतो, म्हणून जबडा पाहावा हे बरं.

दोघांच्या जबड्यांत एवढा फरक का, याचं बरंचसं उत्तर त्यांच्या पाण्यात मिळतं. लार्जमाउथ कोमट, संथ, गवताळ पाण्यात राहतो. पाणवनस्पतींच्या आडोशाला तो निश्चल दबा धरतो आणि मासा किंवा बेडूक टप्प्यात आला की जबडा एकदम उघडतो. त्या क्षणी तोंडात पाण्याचा लोंढा शिरतो आणि त्याच्याबरोबर भक्ष्यही ओढलं जातं. अशा शिकारीला मोठं तोंड हवंच. स्मॉलमाउथला थंड, नितळ, खडकाळ पाणी मानवतं, वाहतं असलं तरी चालतं. दगडांच्या फटीतले क्रेफिश हे त्याचं आवडतं खाणं. नांग्या असलेला हा जीव कोळंबीच्या गोतातला. तो टिपायला लहान तोंड पुरतं.

आकारात लार्जमाउथ सरस. जॉर्जिया राज्यात १९३२ साली जॉर्ज पेरी यांनी धरलेला मासा १० किलोंहून थोडा जास्त भरला. तो विक्रम आजही आहे, फक्त २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. स्मॉलमाउथचा १९५५ चा विक्रम साधारण साडेपाच किलोंचा. मात्र गळाला लागल्यावर वजनाच्या मानाने जास्त झुंज स्मॉलमाउथच देतो, असं मानणारे पुष्कळ आहेत.

मला या दोघांत सर्वांत मोलाची वाटते ती त्यांच्यातल्या नरांची राखण. वसंतात नर शेपटीने तळ झाडून खोलगट घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि पुढे अंडी व पिल्लं तो एकटाच सांभाळतो. घरट्याजवळ आलेल्या कशावरही तो धावून जातो, त्यामुळे गळालाही चटकन लागतो. त्याला थोडा वेळ जरी बाहेर काढलं, तरी टपून बसलेले छोटे मासे तेवढ्यात अंडी फस्त करतात. म्हणूनच कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात बऱ्याच ठिकाणी जून बराचसा सरेपर्यंत बास धरायला बंदी असते. ती पाळायलाच हवी.

पण हाच चिवट पालक परक्या पाण्यात नेऊन सोडला की तिथल्या माशांच्या जिवावर उठतो. कोलोरॅडो नदी स्मॉलमाउथचं मूळ घर नव्हे. ग्लेन कॅन्यन धरणामागच्या पॉवेल जलाशयात तो माणसाने सोडला. धरणाखालचं पाणी एरवी जलाशयाच्या खोल थरातून येत असल्यामुळे गार असायचं. दुष्काळाने जलाशय खालावला, वरचा कोमट थर जनित्रांच्या तोंडांपर्यंत उतरला आणि त्या पाण्याबरोबर मासेही खाली आले. २०२२ मध्ये धरणाखाली त्यांची पिल्लं सापडली. तिथून पुढे नदी ग्रँड कॅन्यनमध्ये शिरते, आणि तिथे हम्पबॅक चब हा पाठीला कुबड असलेला दुर्मिळ मासा राहतो. स्मॉलमाउथ त्याची पिल्लं खातो. म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यापासून काही महिने खोल थरातलं गार पाणी जनित्रांना वळसा घालून नदीत सोडलं गेलं. नदी साडेपंधरा अंशांखाली राहिली तर स्मॉलमाउथची वीण रोखता येते, हा त्यामागचा हिशोब. त्यासाठी तेवढ्या विजेवर पाणी सोडावं लागलं.