कॉपी मारली की छाप पडली?

बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन लागलं की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक मोठ्याने, सतराव्या शतकातल्या त्या डच चित्रकाराचं नाव घेऊन: "काय रेम्ब्रांटचा प्रभाव आहे बघ!" दुसरं जरा हळू: "कॉपी आहे हो." कित्येकदा दोन्ही वाक्यं एकाच चित्रासमोर बोलली जातात, आणि दोघांनाही दिसलेलं असतं तेच: काळपट पार्श्वभूमी, एका बाजूने प्रकाश, अर्धा चेहरा अंधारात. पहिल्याला चित्रकार आवडलेला असतो, दुसऱ्याला नाही, एवढाच काय तो फरक.

थोडक्यात, 'प्रभाव' आपण कौतुकाला वापरतो आणि 'नक्कल' शिवीसारखी. पण या दोन गोष्टींची जातच वेगळी आहे. नक्कल हे काम आहे. त्याला समोर एक ठरावीक चित्र लागतं, ते ठरवून करतात आणि ते संपतं. प्रभाव कुणी करत नाही, तो पडतो. कधी नकळत, कधी दहा वर्षांनी. शिवाय नक्कल करूनही प्रभाव पडत नाही असं होतं, आणि एकही नक्कल न करता प्रभाव पडतो असंही होतं. लोक रेम्ब्रांटचंच नाव घेतात, तर त्याचंच उदाहरण घेऊ.

१६३९ साली ॲमस्टरडॅममध्ये एका लिलावात राफाएल या जुन्या इटालियन चित्रकाराने काढलेलं कास्तिल्योने या इटालियन दरबाऱ्याचं व्यक्तिचित्र विकायला आलं. रेम्ब्रांट तिथे होता. त्याने भराभर एक स्केच केलं आणि बाजूला चित्राची किंमतही लिहून ठेवली: ३,५०० गिल्डर, म्हणजे तिथलं तेव्हाचं चलन. (किंमत लिहून ठेवणारा चित्रकार मला फार जवळचा वाटतो.) आता हे स्केच म्हणजे नक्कल, यात वाद नाही. पण नीट पाहिलं तर त्यातच गडबड आहे. राफाएलच्या चित्रात टोपी शांतपणे, सरळ बसलेली आहे. रेम्ब्रांटच्या स्केचमध्ये ती तिरकी झाली आहे. त्याच वर्षी त्याने स्वतःचं एक आम्लरेखन (म्हणजे एचिंग, धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेलं चित्र) केलं, आणि १६४० मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तैलरंगात आत्मचित्र. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात कठड्यावर टेकवलेला हात आहे, बाजूला वळलेला खांदा आहे, आपल्याकडे रोखलेले डोळे आहेत. हाताची ती ठेवण मात्र राफाएलची नाही, तिशियन या दुसऱ्या इटालियन चित्रकाराच्या एका व्यक्तिचित्रातली आहे. तेही चित्र तेव्हा ॲमस्टरडॅममध्येच एका संग्राहकाकडे होतं. अंगावर जवळपास शंभर वर्षांपूर्वीच्या धाटणीचे कपडे. म्हणजे दोन मोठ्या माणसांकडून बैठक उसनी घेतली आणि तिच्यात गिरणीवाल्याच्या या पोराने, रेम्ब्रांटने, स्वतःला बसवलं. याला कॉपी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता उलट उदाहरण. १६५६ ते १६६१ च्या सुमाराला, म्हणजे स्वतःच्या दिवाळखोरीच्याच काळात, रेम्ब्रांटने मुघल लघुचित्रांवरून वीसेक रेखाटनं केली. जहांगीर, शाहजहान, घोड्यावरचे सरदार. तीही साध्या कागदावर नव्हे, महागड्या जपानी कागदावर. ही गोष्ट आपल्याकडे फार अभिमानाने सांगितली जाते आणि पाठोपाठ 'रेम्ब्रांटवर मुघल कलेचा प्रभाव' असा मथळाही येतो. पण त्याच्या व्यक्तिचित्रांत तो शोधायला गेलं तर हाती काय लागतं? मुघल व्यक्तिचित्रात चेहरा बहुतेकदा पूर्ण बाजूने दिसतो, एकच डोळा दाखवणारा, कडा रेषेने बांधलेल्या. रेम्ब्रांटची माणसं त्यानंतरही आपल्याकडेच वळून बसली आणि त्यांच्या कडा अंधारात विरघळतच राहिल्या. १६५६ च्या एका आम्लरेखनात बायबलमधल्या अब्राहमकडे आलेले देवदूत जमिनीवर बैठक मारून बसले आहेत, ती मांडणी एका मुघल चित्रातून आली हे खरं. मात्र ती मांडणीपुरतीच. मी याला प्रेमाने, बारकाईने केलेली नक्कल म्हणेन, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आणि तिसरा प्रकार, सगळ्यात गमतीचा. ज्या छायाप्रकाशाबद्दल रेम्ब्रांटचं नाव निघतं तो पद्धत म्हणून इटलीतून आला, काराव्हाज्जो या चित्रकाराकडून. पण रेम्ब्रांट आयुष्यात इटलीला गेला नाही. त्याचा गुरू पीटर लास्टमन जाऊन आला होता, उत्रेख्त या डच शहरातले काही चित्रकार रोमला राहून आले होते. त्यांच्या चित्रांतून तो प्रकाश उत्तरेकडे पोचला. मूळ चित्र समोर नसताना नक्कल कशी करणार? म्हणजे जी गोष्ट त्याची खूण ठरली ती दुसऱ्या-तिसऱ्या हातून आलेली आहे. तीही पुढे तशीच राहिली नाही. १६३२ च्या डॉक्टर टुल्पच्या शवविच्छेदनाच्या चित्रात रंग तसा गुळगुळीत आहे. १६६९ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, त्रेसष्ठाव्या वर्षी केलेल्या आत्मचित्रात कपाळावरचा रंग जाड थरांत बसलाय. क्ष-किरणांखाली दिसलं की त्या चित्रात आधी हातात ब्रश होता. नंतर त्याने तो काढून टाकला आणि हात नुसते एकमेकांत गुंतवले.

हे सगळं हॉलंडचं झालं. पुण्यात काय? १७९० च्या दशकात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पेशवे दरबारातला ब्रिटिश प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने इथे आला. त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं केली, आणि शनिवारवाड्यात स्थानिक चित्रकारांना पाश्चात्त्य पद्धत शिकवणारी चित्रशाळाही त्याच काळात निघाली. गंगाराम तांबट हे त्यातलं ठळक नाव. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढणारा तोच. 'साहेबाने शिकवलं, आपल्यांनी गिरवलं' असं आपण सहज म्हणून जातो. पण वेल्सचं ते प्रसिद्ध चित्र पाहा: गादीवर बसलेले पेशवे, जवळ नाना, आसपास सेवक. माध्यम तैलरंग, छायाप्रकाश विलायती, पण बैठक दरबारी चित्रातली. इथे कोणाची छाप कोणावर पडली?

एका गोंधळाचा निकाल मात्र दोन ओळींत लागतो. हातात समई घेतलेली, बोटांतून प्रकाश झिरपणारी ती बाई घरोघरी राजा रविवर्म्यांची म्हणून टांगलेली असते. ती सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांची, चाळीसच्या दशकातली, आणि जलरंगातली. रविवर्मा १९०६ मध्येच वारले. साडीतली देखणी बाई दिसली की रविवर्मा, हे समीकरण लोणावळ्याजवळच्या मळवलीच्या छापखान्यातून निघालेल्या ओलिओग्राफांनी, म्हणजे त्यांच्या तैलचित्रांच्या छापील प्रतींनी, आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसवलं की प्रभाव, नक्कल आणि मूळ कर्ता या तिन्हींची एकच खिचडी झाली.

मग चित्रासमोर उभं राहून ओळखायचं कसं? नक्कल करणारा परिणाम उचलतो. ज्याच्यावर छाप पडली आहे तो त्यामागचा निर्णय उचलतो. रेम्ब्रांटचा अंधार काळ्या रंगासाठी नसतो, काय दाखवायचं नाही हे ठरवण्यासाठी असतो. हे मला पुस्तकातून कळलं नाही, सदाशिव पेठेतल्या एका काकांचं व्यक्तिचित्र करताना कळलं. मार्च महिना, सकाळचे दहा, खिडकीतून येणारं भरपूर ऊन, मागे फिकट निळी भिंत, अंगात पांढरा सदरा. मी तीन रविवार खपून भिंत गडद तपकिरी केली, सदरा मातकट केला, डावा गाल बुडवला. काकूंनी चहा ठेवता ठेवता कॅनव्हासकडे पाहिलं आणि विचारलं, "का रे, लाइट गेले होते का तेव्हा?"

पुढच्या वेळी भिंत निळीच ठेवली, ऊन उन्हासारखं ठेवलं. लपवायचं ते दुसरीकडे लपवलं: सदऱ्याच्या गुंड्या रंगवल्याच नाहीत, उन्हाकडचा कान भिंतीच्या रंगात जवळजवळ मिसळून टाकला, आणि सगळी मेहनत चष्म्यामागच्या डोळ्यांवर घातली. काळा रंग पॅलेटवर घेतलाच नाही. चित्र पाहून 'रेम्ब्रांट' असं कोणी म्हणालं नाही. काकूंनी बराच वेळ पाहिलं. "हे आमचेच," म्हणाल्या. मग जवळ जाऊन बोट दाखवलं, "फक्त हा कान तेवढा राहिलाय. पुढच्या रविवारी करशील ना पुरा?"