उतारवयातील पुरुषांचे लैंगिक आरोग्य

साधारणपणे साठीनंतरच्या पुरुषाची कामेच्छा, लिंगाची ताठरता, वीर्यपतन आणि जोडीदाराशी असलेली शारीरिक जवळीक यांचा विचार या विषयात होतो. रजोनिवृत्तीसारखा ठळक टप्पा पुरुषात नसतो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक चाळिशीच्या आसपासपासून वर्षाला सुमारे १ टक्का घटत जाते. शुक्राणू मात्र बहुधा अखेरपर्यंत तयार होत राहतात. ताठरतेला वेळ लागणे, वीर्य कमी येणे, एका समागमानंतर पुन्हा इच्छा व्हायला बराच काळ जाणे हे वयाचेच बदल आहेत. ताठरता मुळीच न येणे किंवा न टिकणे मात्र वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नये.

ताठरता हे मुख्यतः रक्ताभिसरणाचे काम. उत्तेजनेनंतर शरीरातच तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो, धमन्या सैलावतात, लिंगातील स्पंजासारख्या ऊतीत रक्त भरते आणि त्याच दाबाने परतीच्या शिरा मिटतात. लिंगाच्या धमन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंद, तर हृदयाच्या ३ ते ४. चरबीचा थर साचू लागला की अडचण बहुधा आधी अरुंद वाहिनीत जाणवते. छातीत दुखू लागण्याच्या दोन-तीन वर्षे आधीच ही तक्रार सुरू झाल्याचे अनेक हृदयरुग्णांत दिसते. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि धूम्रपान ही नेहमीची कारणे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८७ ते १९८९ दरम्यान ४० ते ७० वर्षांच्या पुरुषांची पाहणी झाली, तीत ५२ टक्क्यांना कमीअधिक प्रमाणात हा त्रास आढळला.

तरी तो सांगितला जातो सगळ्यात शेवटी. रक्तदाब, साखर, गुडघे असे सगळे बोलून होते, आणि दाराच्या कडीला हात लावल्यावर 'डॉक्टर, अजून एक होतं' असे निघते. कधी दोष चालू औषधांचाच असतो: रक्तदाबावरच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी ताठरता किंवा इच्छा मंदावते, तर प्रोस्टेट ग्रंथीच्या त्रासासाठीच्या टॅम्सुलोसिन या औषधाने वीर्य बाहेर न येण्याचा प्रकार होतो. अशा गोळ्या परस्पर बंद करू नयेत. बहुतेकदा पर्याय मिळतो.

ताठरतेसाठी दिल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिल (व्हायग्रा) या औषधाची चाचणी मुळात हृदयशूळासाठी चालली होती. ताठरतेवरील औषध म्हणून त्याला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साइडवरील संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले, हा योग मजेशीर. मात्र हृदयशूळात जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीशी या औषधाची गाठ पडली, तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि त्याच जातीच्या टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत. म्हणूनच छातीत दुखते म्हणून इस्पितळात गेलेल्याने ताठरतेची गोळी घेतल्याचे लाजेखातर लपवणे जिवावर बेतू शकते.

गर्भधारणेची धास्ती संपली की निरोधही सुटतो. वैधुर्यानंतर किंवा घटस्फोटानंतर नवे नाते जुळलेल्यांत म्हणूनच लैंगिक संसर्गाची तपासणी अनेकदा राहून जाते. वय पाहून डॉक्टरही तो प्रश्न विचारत नाहीत.