काळ्या स्क्रीनकडे बघून सर्व्हर बंद करू नका
(देखभाल करारातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

अपडेटच्या रात्री आम्हाला येणारा ठरलेला फोन असा: "स्क्रीन काळी पडून वीस मिनिटं झाली, बंद करून चालू करू का?" उत्तर दरवेळी एकच असतं, नको. अडचण त्यांची होते, जे आधी बटण दाबतात आणि मग फोन करतात.

सर्व्हरच्या मदरबोर्डवर देखरेखीसाठी वेगळा छोटा संगणक असतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. डेलमध्ये तो आयड्रॅक, एचपीईमध्ये आयएलओ, लेनोवोमध्ये एक्सक्लॅरिटी कंट्रोलर. सर्वसाधारण नाव बीएमसी. विंडोज हँग असो की सर्व्हर बंद असो, पॉवर केबल लावलेली आहे तोवर तो जागा असतो. विसरलं जातं ते एवढंच, की अपडेट कुठवर आलं हे मॉनिटरवर नाही, बीएमसीच्या पानावर दिसतं.

बायोसचं, म्हणजे सर्व्हर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं, अपडेट लावलं की ते लगेच बसत नाही. जॉब क्यूमध्ये, म्हणजे बीएमसीच्या कामांच्या रांगेत, ते "शेड्यूल्ड" म्हणून थांबतं आणि पुढच्या रीस्टार्टला सुरू होतं. नवं बायोस फ्लॅश चिपवर लिहिलं जातं, सर्व्हर आपणहून पुन्हा सुरू होतो, कधी दोन-तीनदा. त्यानंतर बायोस सगळी रॅम नव्याने तपासून जुळवून घेतं. रॅम भरपूर असेल तर या टप्प्यात कित्येक मिनिटं स्क्रीनवर अक्षर उमटत नाही आणि पंखे मात्र पूर्ण वेगाने घोंगावत असतात. बघणाऱ्याला वाटतं, मेला. प्रत्यक्षात तो कामात असतो.

चिपवर लिहिणं चालू असतानाच बटण दाबून धरलं तर तिथे अर्धं जुनं, अर्धं नवं राहतं. बऱ्याच मॉडेलमध्ये बीएमसीतून बायोस परत बसवता येतं, पण त्यात अर्धा दिवस जातो. नाहीच बसलं तर मदरबोर्ड बदलावा लागतो. रेड कंट्रोलरचं (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या भागाचं) अपडेट अर्ध्यावर तुटलं तर कंट्रोलरच दिसेनासा होतो. तो बदलल्यावर जुन्या डिस्क "फॉरिन" म्हणजे परक्या म्हणून दिसतात. तिथे इम्पोर्ट करायचं असतं, क्लिअर नाही. क्लिअर दाबलं की रेडची मांडणीच पुसली जाते, मग बॅकअपशिवाय गत्यंतर नाही. हा स्क्रीन समोर आला तर काहीही न दाबता आम्हाला फोन करा.

तेव्हा अपडेट चालू असताना दुसऱ्या लॅपटॉपवर बीएमसीचं पान उघडून जॉब क्यू बघा. टक्केवारी हळूहळू सरकत असेल तर हात बांधून बसा. एकाच आकड्यावर पूर्ण एक तास अडकली तर फोन करा, तोवर नाही. दोन गोष्टींनी दचकू नका. बीएमसीचं स्वतःचं अपडेट होताना ते पान काही मिनिटं बंद पडतं आणि पंखे ओरडतात, पण सर्व्हरचं काम चालूच असतं. पॉवर सप्लायचं अपडेट होताना मात्र सर्व्हर खरोखर बंद होतो आणि आपणहून परत येतो.

हे पान उघडायचं तर मॅनेजमेंट पोर्टची केबल जागेवर हवी. सर्व्हरच्या मागे पान्याची खूण असलेला किंवा कंट्रोलरचं नाव लिहिलेला पोर्ट तो. "याच्यावर काहीच चालत नाही" म्हणून ती केबल काढून स्विचमधली जागा प्रिंटरला दिली जाते आणि घरबसल्या होणाऱ्या कामासाठी आम्हाला गाडी काढावी लागते. केबल राहू द्या, पण हा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) आणि व्हीपीएन (बाहेरून आत येण्याचा सुरक्षित मार्ग) एवढं पुरतं. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला, आणि आयपीएमआय-ओव्हर-लॅन (नेटवर्कवरून बीएमसी चालवण्याची जुनी पद्धत) वापरात नसेल तर बंद करा. त्या जुन्या पद्धतीत लॉग इन न करताच पासवर्डचा हॅश (त्याचं सांकेतिक रूप) मिळवता येतो, म्हणून आम्ही रेडफिश ही नवी पद्धत वापरतो.

"एका अपडेटला तीन तास कशाला?" असं आम्हाला विचारलं जातं. अपडेट लिहायला तासभर लागतो, बाकीचा वेळ आधीच्या आणि नंतरच्या कामाचा. आधी सर्व्हरची सगळी सेटिंग फाइलमध्ये काढून ठेवतो. मदरबोर्ड बदलायची वेळ आली तर त्या फाइलने कित्येक तास वाचतात. बीएमसीचं घड्याळ तपासतो, कारण ते चुकलेलं असेल तर रात्री दोनचा जॉब भर दुपारी सुटतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं एन्क्रिप्शन) असेल तर तो सस्पेंड करतो, नाहीतर बायोस बदलल्यावर तो रिकव्हरी की मागत बसतो. मग आधी बीएमसी, त्यानंतर बायोस, शेवटी रेड कंट्रोलर, नेटवर्क कार्ड आणि डिस्क. सर्व्हर फार मागे राहिला असेल तर मधली आवृत्ती आधी घालावी लागते, थेट उडी नाकारली जाते. स्वयंचलित अपडेटची सोय आहे, पण ती आम्ही मुद्दाम बंद ठेवतो. सर्व्हर कधी रीस्टार्ट व्हावा हे तुमच्या कामाच्या वेळा बघून ठरलं पाहिजे.

नवा सर्व्हर घेताना रिमोट कन्सोल आणि व्हर्च्युअल मीडियाचं लायसन्स आहे का ते विचारा. डेलमध्ये एंटरप्राइज, एचपीईमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड. मूळ लायसन्सवर तापमान आणि लॉग दिसतात, पण दुरून आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) जोडून ऑपरेटिंग सिस्टिम बसवता येत नाही. जागेवर बसवायची असेल तर डेल आणि एचपीईमध्ये सुरू होताना एफ१० दाबा, ड्रायव्हरसकट सगळं तिथून होतं. डेलमध्ये त्यासाठी ड्रायव्हरची एक तात्पुरती ड्राइव्ह दिसते, ती १८ तासांनी आपोआप निघून जाते. ती "गायब झाली" म्हणून घाबरू नका.

देखभाल करारात सेटिंगची फाइल आणि मॅनेजमेंट पोर्टची तपासणी दर तीन महिन्यांनी होते. करार नसलेल्यांनी निदान ईमेल अलर्ट लावून घ्यावेत. डिस्क बिघडण्याची पूर्वसूचना मिळाली तर बदलायला वेळ मिळतो. फोन करताना मॉडेल आणि सर्व्हिस टॅग (सर्व्हरचा ओळख क्रमांक) हाताशी ठेवा, जॉब क्यूचा फोटो पाठवा. बटण आधीच दाबलं असेल तर तेही सांगा. लॉगमध्ये ते वेळेसकट दिसतंच, पण आधी कळलं तर आम्ही सुटे भाग बरोबर घेऊन निघतो.